‘हे हॉटेल नाही’ असं त्या म्हणाल्या, ते बरंच झालं

पत्र:

ताई, मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात आलोय. आमच्या कार्यक्रमात राहण्याची सोय होस्ट कुटुंबांकडे असते. अर्धं सत्र एका घरी, उरलेलं दुसऱ्या घरी. सध्याच्या घरात एक वयस्कर बाई एकट्याच राहतात. त्या वाईट नाहीत, पण आमचं बोलणं ‘उद्या किती वाजता निघणार’ याच्या पुढे जात नाही. त्यांना त्रास नको म्हणून मी आवाज न करता वावरतो, जे देतील ते खातो, खोलीत थंडी वाजते तरी बोलत नाही. संध्याकाळी बहुतेक वेळा कार्यक्रमातल्या मित्रांकडे वसतिगृहात असतो. गेल्या आठवड्यात असाच उशिरा घरी आलो, तर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि त्या म्हणाल्या, ‘हे हॉटेल नाही.’ फार लागलं मनाला. त्यांना माझ्या राहण्याचे पैसे मिळतात, म्हणजे मी गिऱ्हाईकच ना? मग माया कुठून येणार? बाबा म्हणतात, दुसऱ्याच्या घरी आहेस, गप्प राहून जमवून घे. मित्र म्हणतात, वसतिगृहात जागा आहे, अर्ज कर. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुटुंबाकडे जायचंय. तिथेही हेच होणार असेल तर आत्ताच निघू का?

उत्तर:

तू नाव आणि देश दोन्ही कळवलंस. नाव गाळणारच होते, देशही गाळते, कारण हे पत्र कुठूनही येऊ शकलं असतं.

वसतिगृहाचा अर्ज आत्ता करू नकोस. कधीच करू नकोस असं म्हणत नाही, पण ज्या घरात तू अजून नीट राहिलाच नाहीस ते घर सोडण्यात काय अर्थ आहे?

आधी त्या वाक्याचं बघू. ‘हे हॉटेल नाही’ हे तू असं ऐकलंस की मालकीणबाई गिऱ्हाइकावर खेकसल्या. पण ताट झाकून ठेवलेलं होतं हे तूच लिहिलंयस. ज्यांना फक्त महिन्याच्या पैशांशी मतलब असतो, त्यांना भाडेकरू बाहेर जेवून आला तर आनंदच होतो, तेवढंच अन्न वाचलं. या बाई मात्र स्वयंपाक करून वाट बघत बसल्या, मग कंटाळून ताट झाकलं, आणि तू आल्यावर त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं. तू हॉटेलसारखा वागतोयस आणि त्यांना ते नकोय, एवढीच तक्रार आहे. त्यांना तुझ्याशी काही देणंघेणं नसतं तर ही तक्रार आलीच नसती. मला विचारशील तर तुझ्या पत्रातली सगळ्यांत आशेची ओळ तीच आहे.

आता त्यांच्या बाजूनं बघ. त्यांच्याकडे तुझ्याबद्दलची माहिती म्हणजे फार तर एक अर्ज: वय, विषय, काही खात नसशील तर ते, आणि छंदांच्या रकान्यात तू घाईघाईत लिहिलेले चार शब्द. प्रत्यक्षात त्यांना काय दिसतं? एक मुलगा पावलांचा आवाज न करता घरात येतो. काहीही वाढलं तरी खातो, पण आवडलं की नाही ते सांगत नाही. खोलीचं दार लावून बसतो. संध्याकाळी बाहेर जातो, केव्हा येणार ते कळवत नाही. तुझ्या मनात हे सगळं अदबीनं चाललेलं आहे, पण तुझं मन त्यांना कसं दिसणार? या मुलाला आपलं घर आवडलेलं नाही, असाच त्यांनी निष्कर्ष काढला असेल. मग त्याही कामापुरतं बोलू लागल्या. हे असं दोन्ही बाजूंनी वाढत जातं, आणि दोघांनाही वाटत राहतं की सुरुवात समोरच्यानं केली.

बाबांचा सल्ला काळजीपोटी आहे, तरी तो मी बाजूला ठेवीन. दोन दिवसांसाठी कोणाकडे गेलो तर गप्प राहून निभतं. अर्धं सत्र एका छपराखाली काढायचं तर गप्प माणसाबरोबर जमवून घेणं समोरच्याला अशक्य होतं. तू एकटाच जमवून घेत राहतोस आणि आतून कुढतोस. थंडीचंच घे. खोलीत तुला थंडी वाजते हे त्या बाईंना ठाऊकच नाही. एक जादा पांघरूण मागितलं असतंस तर कदाचित त्याच रात्री प्रश्न संपला असता. आणि समज, तू बोललाच नाहीस आणि शेवटी कार्यक्रमाच्या अभिप्राय अर्जात लिहिलंस की खोली थंड होती. ते त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना किती वाईट वाटेल याचा विचार कर. यजमानांना मागण्यांचा त्रास होतो त्यापेक्षा अशा मागाहून कळलेल्या गोष्टींचा जास्त होतो.

होस्ट कुटुंबाची ही कल्पना आली कुठून, ते जरा सांगते, कारण तुझ्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे रेमंड कर्कब्राइड हे प्राध्यापक 1923 साली आठ विद्यार्थ्यांना फ्रान्सला घेऊन गेले. पदवीच्या अभ्यासाचाच भाग म्हणून परदेशी शिकण्याचे जे संघटित कार्यक्रम आज दिसतात, त्यांची सुरुवात बहुधा इथूनच मोजतात. ती मुलं आधी नान्सीला आणि मग पॅरिसला शिकली, आणि फ्रेंच कुटुंबांत राहिली. वर्गात व्याकरण, घरात भाषा, अशी ती विभागणी. विचार चांगलाच होता. पण पुढे त्यातून एक आळशी समजूत रुजली: मुलाला परक्या घरात नेऊन ठेवा, बाकीचं आपोआप होईल.

आपोआप होत नाही. हे लोकांनी तपासूनही पाहिलंय. अमेरिकेत विल्यम रिव्हर्स यांनी रशियात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी अभ्यासल्या आणि 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. कुटुंबांत राहिलेल्यांचं रशियन वाचन वसतिगृहातल्यांपेक्षा सुधारलं होतं, पण बोलण्यात ते मागे पडले होते! घरात राहून बोलण्यात मागे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही विचित्र वाटलं, पण तुझं पत्र वाचताना वाटलं, यात विचित्र काय आहे? ‘उद्या किती वाजता निघणार’ हे एकच वाक्य सत्रभर बोलून कोणाची भाषा सुधारेल? पुढे 2009 मध्ये मायकेल व्हँडे बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. एकसष्ट कार्यक्रम, तेराशेच्या आसपास विद्यार्थी. परक्या संस्कृतीची समज किती वाढली, हे त्यांनी आधी आणि नंतर मोजलं. नुसतं कुटुंबात राहिल्यानं खास फरक पडला नव्हता. ज्यांनी आपला मोकळा वेळ घरातल्या माणसांबरोबर जास्त घालवला, त्यांच्यात मात्र तो दिसला.

म्हणजे तू त्या घरात झोपतोस याला फारशी किंमत नाही. जेवणाच्या टेबलावर जो तासभर मिळतो तो खरा माल, आणि नेमका तोच तू वसतिगृहात खर्च करतोयस, तोही आपल्याच भाषेत बोलत. मित्रांशी माझं भांडण नाही. परक्या गावात आपली माणसं लागतातच. पण ते मित्र सत्र संपल्यावरही राहणार आहेत, हे टेबल राहणार नाही.

तेव्हा या आठवड्यात एक काम कर. त्या बाईंशी बोल. रात्री उशिरा आल्यावर दारात उभ्या उभ्या नको, आणि सकाळच्या घाईतही नको. जेवण झाल्यावर, दोघंही बसलेले असताना. भाषा अजून अडखळत असेल तर चार वाक्यं आधी कागदावर लिहून काढ. कागद समोर ठेवून बोललास तरी चालेल, उलट तू तयारी केलीस हे त्यांना दिसेल. सुरुवात माफीनं कर, पण ती लांबवू नकोस. ‘त्या दिवशी जेवायला येणार नाही हे कळवलं नाही, माझं चुकलं.’ बस. कारणं देऊ नकोस, बस चुकली, मित्राचा वाढदिवस होता वगैरे. मग विचार: ‘मला या घराचे नियम नीट माहीत नाहीत. तुम्ही सांगितलेत तर मला सोपं जाईल.’ आणि मग खरोखर विचार. जेवणाला येणार नसेन तर किती आधी सांगू? कपडे कधी धुवायचे? अंघोळीला गरम पाणी केव्हा असतं, किती वेळ चालतं? स्वयंपाकघरात मी काही करून घेतलेलं चालेल का? रात्री उशिरा आलो तर कुठल्या दारानं यावं? हे प्रश्न तुला क्षुल्लक वाटतील. पण होस्ट घरांमधली बहुतेक कुरकुर असल्याच गोष्टींवरून होते: दिवा चालू राहिला, गरम पाणी संपलं, न सांगता मित्राला घरी आणलं.

मग तुझं सांग. खोली थंड पडते हे याच बैठकीत सांगायचं. आणि काही पदार्थ खरोखर घशाखाली उतरत नसेल तर तेही. ‘हे मला आवडत नाही’ म्हणण्याऐवजी ‘परवाचं ते फार आवडलं, ते परत कराल का’ असं म्हटलं की काम होतं आणि कोणी दुखावत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर मात्र आडवळण नको, सरळ सांग, लिहून दे.

एक गोष्ट ठरवून टाक: आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी तू घरी जेवशील. चार ठरव, तीन ठरव, पण ठरव आणि आठवड्याच्या सुरुवातीलाच त्यांना सांग. बेत बदलला तर त्यांनी स्वयंपाकाला हात लावायच्या आत कळव.

पण बोलू काय, हा तुझा खरा प्रश्न असणार. ‘दिवस कसा गेला?’ ‘चांगला.’ संपलं. अर्ध्या कच्च्या भाषेत असंच होतं, त्यात तुझा स्वभाव कारणीभूत आहे असं मानू नकोस. समोरासमोर बसून गप्पा मारायच्या हे दडपण काढून टाक, हाताला काम घे. भांडी पुसताना, भाजी चिरताना मध्येच गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही, आणि हातात जे आहे त्याचे शब्द आपोआप विचारले जातात. त्या संध्याकाळी टीव्हीवर एखादी मालिका बघत असतील तर शेजारी जाऊन बस. कथानक कितीही टुकार असो. तीच पात्रं रोज तीच भांडणं त्याच शब्दांत करतात, भाषा शिकायला याहून सोयीचं काय असणार? वर ‘हा हिचा कोण?’ हा प्रश्न रोज विचारता येतो आणि त्याचं उत्तर कधीच एका शब्दात संपत नाही. आणखी एक युक्ती: त्यांची मदत माग. विद्यापीठाचं एखादं पत्र कळलं नाही, दोन पानी निबंध लिहिलायस, वर्गात काही बोलून दाखवायचंय, ते आधी त्यांना ऐकव. वयस्कर माणसाला परक्या मुलाच्या दिवसाबद्दल कुतूहल असतं, पण चौकशी केलेली त्याला आवडेल का, ही धास्तीही असते. मदत मागितलीस की ती धास्ती जाते.

आता पैशांचं. सगळीकडे यजमानांना पैसे मिळतात असं नाही. शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीचे कार्यक्रम चालवणाऱ्या एएफएससारख्या संस्थेची यजमान कुटुंबं परंपरेनं स्वखुशीनं, मोबदला न घेता मुलं ठेवून घेतात. महाविद्यालयीन सत्रांच्या कार्यक्रमांत मात्र बहुधा ठरलेली रक्कम दिली जाते, आणि त्यातून अन्न, वीज, पाणी, चादरी धुणं हे सगळं भागवायचं असतं. पैसे घेतले म्हणून माया खोटी, हे काही मला पटत नाही. शिक्षकही पगार घेतात, म्हणून एखाद्या शिक्षकाचा जीव आपल्यावर असू शकत नाही असं आपण म्हणतो का? उलट पैशांमुळे तुझं एक ओझं कमी व्हायला हवं. तू कोणाच्या उपकारावर राहत नाहीस. पांघरूण मागणं, अभ्यासाला पुरेसा उजेड मागणं, ठरलेलं जेवण मिळणं हा तुझा हक्क आहे, तो अपराधी न वाटता माग. पैसे दिले म्हणून माया मिळायलाच हवी, असाही हिशेब मात्र होत नाही. ती जमली तर जमली. नाही जमली आणि दोन सभ्य माणसं एका घरात नीट राहिली, तरी सत्र वाया जात नाही.

मित्रांपैकी कोणीतरी तुला परदेशी गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीचा तो प्रसिद्ध आलेखही सांगेल: आधी उत्साह, मग घसरण, मग चढ. याचं मूळ नॉर्वेच्या स्वेरे लिसगार यांच्या 1955 च्या अभ्यासात आहे. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांत सगळ्यांत अडचणीत होते ते सहा ते अठरा महिने राहिलेले. सहा महिन्यांच्या आत परतलेले बऱ्यापैकी मजेत होते. म्हणजे तुझं अख्खं सत्र त्या घसरणीच्या आधीच संपतं! आणि 1998 मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा उलटंच दिसलं: सगळ्यांत जड गेली ती सुरुवात. आलेख बघून आपली मनःस्थिती ठरवत बसू नकोस. पहिले आठवडे जड जातात, एवढं धरून चाललास तरी पुरे.

घरच्यांशी रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल चालू असेल तर तो आठवड्यातून दोनदा कर, आणि जेवणाच्या वेळेवर येऊ देऊ नकोस. आईबाबांना कारण सांग म्हणजे ते काळजी करणार नाहीत.

इतकं सगळं सांगितलं ते तुझ्या घराबद्दल, जिथे चूक कोणाचीच मोठी नाही. काही घरं अशी नसतात, म्हणून हेही लिहिते. कोणी तुझ्या खोलीत न विचारता येत असेल, अंगाला हात लावत असेल, दारू पिऊन धमकावत असेल, ठरलेलं जेवण देत नसेल, पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात मागत असेल, तर बैठक, कागद, चार वाक्यं यांपैकी काहीही करायचं नाही. कार्यक्रमाच्या समन्वयकाला त्याच दिवशी फोन करायचा आणि त्या घरातून बाहेर पडायचं. लगेचचा धोका असेल तर आधी तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर. ‘कुटुंब नाराज होईल’ हा विचार तिथे लागू नाही. पासपोर्ट तर चांगल्यातल्या चांगल्या घरातही तुझ्याकडेच राहायला हवा.

दुसऱ्या कुटुंबाकडे जाण्याआधी समन्वयकाकडून जमेल तेवढी माहिती काढ: घरात कोण कोण, लहान मुलं, प्राणी, जेवणाच्या वेळा. नियम विचारण्याचं काम तिथे पहिल्याच संध्याकाळी उरक. पहिल्या दिवशी तो प्रश्न अगदी साधा असतो, पाचव्या आठवड्यात त्याला समेटाचं रूप येतं. मुलं असतील तर तुझं नशीब, कारण मोठी माणसं तुझ्या चुका सभ्यपणे सोडून देतात आणि मुलं प्रत्येक चुकीला हसून ती दुरुस्त करतात. त्यांच्याशी भरपूर खेळ. पण आईवडील दर संध्याकाळी मुलं तुझ्यावर सोपवून बाहेर जाऊ लागले तर ते तुझं काम नाही. एकदा दोनदा आनंदानं, सवय होतेय असं दिसलं की समन्वयकाच्या कानावर घालायचं.

आणि घर बदलण्याआधी पत्त्याच्या नोंदीचं बघ. अनेक देशांत हा कायद्याचा भाग आहे. जर्मनीत नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी लागते, जपानमध्ये चौदा दिवसांत, अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर असशील तर दहा दिवसांत विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तुझ्या देशातला नियम आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आत्ताच विचारून ठेव. काही ठिकाणी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो नव्या कुटुंबाकडे पहिल्या दिवशीच माग.

हे सगळं करून, दुसऱ्या घरात दोन-तीन आठवडे टेबलावर बसूनही तुला वाटलं की आपल्याला परक्या घरात राहणं झेपत नाही, तर वसतिगृहाचा अर्ज कर. काही माणसांना स्वतःची किल्ली आणि स्वतःची वेळ लागते. तसं असेल तर समन्वयकाला तसंच सांग, त्यासाठी त्या कुटुंबात खोट काढू नकोस.

— ताई